मुली शिक्षिकाच का व्हायचं म्हणतात? (तुमचं खरं कारण काय होतं?)

रानवारा
नमस्कार मंडळी. आमचा एक छोटा गट आहे, सातारा-सांगलीकडच्या तालुक्याच्या गावांत अकरावी-बारावीच्या मुलामुलींशी पुढच्या शिक्षणाबद्दल बोलायला जातो. मुलांना विचारलं पुढे काय, तर भरती, आर्मी, आयटीआय, एमपीएससी, जेसीबी घेणार, दुधाचा धंदा, काय वाट्टेल ती उत्तरं येतात. मुलींच्या रांगेत एक-दोन नर्सिंग, एखादी पोलीस, आणि मग टीचर, टीचर, टीचर. सायन्सला चांगले मार्क असलेली पण टीचर आणि जिला अभ्यासाचा कंटाळा आहे ती पण टीचर.

पेशाला कमी लेखत नाहीये, मला घडवलं ते शिक्षिकांनीच. पण एवढ्या वेगवेगळ्या स्वभावाच्या पोरींना एकच गोष्ट कशी काय आवडू शकते? आवड आहे, घरच्यांनी डोक्यात घातलंय, की दुसरं काही दिसतच नाही? इथे बऱ्याच जणी शिकवतात म्हणून विचारते. घरी सांगितलेलं कारण आणि मनातलं कारण, दोन्ही सांगाल का? ज्यांनी सोडलं त्यांचंही ऐकायचंय.

निनाद_पुणे
मे महिना आणि दिवाळी. संपला धागा :)

खडूफळा
निनाद, मे महिन्यात या माझ्या गावी, मतदार यादी घेऊन दारोदार फिरू आपण.

रानवारा, छान विषय. मी जि.प. शाळेत आहे, नंदुरबार जिल्हा, धडगाव तालुका. मूळची मी तिकडची नाही. माझं मनातलं कारण सांगते. आमच्या गावात स्वतःचा पगार असलेली बाई एकच होती, शाळेतल्या बाई. अंगणवाडीच्या ताई होत्या पण त्यांना मानधन, ते पण वेळेवर नाही. बाई स्टॅंडवर उतरायच्या, खांद्याला पर्स, हातात छत्री, आणि सरपंच त्यांना "बसा बाई" म्हणायचा. माझ्या आईला त्याच सरपंचाने कधी खुर्ची दिली नव्हती. मला बँक मॅनेजर बाई, इंजिनिअर बाई, दुकान चालवणारी बाई दिसलीच नाही कधी, मग स्वप्न तरी कशाचं पडणार?

घरी सांगितलेलं कारण वेगळं. डी.एड. कॉलेज तालुक्यालाच होतं, एसटीच्या पासात जाऊन-येऊन होत होतं, दोन वर्षांत हातात पदविका. इंजिनिअरिंगला पुण्याला ठेवायचं तर हॉस्टेल, मेस, आणि चार वर्षं. भाऊ पण शिकत होता. वडील वाईट नव्हते, हिशोब तसा होता.

आवड नंतर आली. पहिलीची पोरं पावरी बोलायची, मला एक शब्द कळायचा नाही. मी त्यांची भाषा शिकले, ती माझी शिकली. आता मला कुणी दुसरी नोकरी दिली तरी जाणार नाही.

मधुमालती
लग्नाच्या बाजाराबद्दल कुणीच बोललं नाही अजून! मी गेली काही वर्षं आमच्या समाजाच्या वधू-वर मेळाव्याचं काम बघते. मुलांच्या फॉर्ममधली अपेक्षा वाचा, "नोकरी करणारी, शक्यतो शिक्षिका". आयटीतली चालते पण तिची नाइट शिफ्ट चालत नाही, पोलीस म्हटलं की सासूबाई विचारात पडतात. आणि शिक्षिका म्हटलं की पगार पण येतो, संध्याकाळचा चहा पण होतो, नातवंडांचा अभ्यास पण होतो. मुलींच्या आयांना हे दहावीपासून माहीत असतं. त्या मुलीला सांगतात "टीचर हो, सुखी राहशील", आणि त्या मनापासून सांगत असतात, कारण त्यांना स्वतःला जे मिळालं नाही ते त्यात दिसतं.

उंबरठा
मधुमालती +१, पण मला याचा राग येतो. "बायकांना सोयीची नोकरी" ह्या एका वाक्याने या पेशाचं वाटोळं केलंय. सोयीची म्हटलं की पगार कमी दिला तरी चालतो असं सगळ्यांना वाटतं, "नवरा कमावतोय की".

मी बी.एड. करून एका खाजगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत लागले (नाव घेत नाही, शहरही सांगत नाही). खात्यात पूर्ण पगार जमा व्हायचा, आणि पाच तारखेच्या आत त्यातला जवळजवळ अर्धा रोख काढून ऑफिसात नेऊन द्यायचा. पूर्ण पगाराच्या कागदावर सही आमची. स्टाफमध्ये सगळ्या बायका. एकही पुरुष नव्हता, कारण त्या पैशात घर चालवायला पुरुष येणारच नाही, आणि हे संस्थेला पक्कं माहीत होतं. एकीने तोंड उघडलं तर तिला पुढच्या जूनला बोलावलं नाही. वर्षाअखेरीस मी सोडलं. आता ट्यूशन घेते, माझ्या नावावर, पूर्ण पैसे माझे.

म्हणून मुलींना "का निवडता" हे विचारण्याआधी शाळांना विचारा की तुम्ही मुलीच का निवडता.

सह्याद्रीचा_सदू
मी जि.प. शिक्षक, पुरुष. उंबरठाताईंचं शेवटचं वाक्य जबरदस्त आहे पण सरकारी बाजूची गोष्ट थोडी वेगळी आहे ती सांगतो.

दोन हजारच्या दशकात डी.एड.ला पोरंही तेवढीच तुटून पडायची. बारावीला चांगले टक्के असलेले डी.एड.लाच जायचे कारण दोन वर्षांत नोकरी जवळजवळ नक्की. मग खाजगी डी.एड. कॉलेजं इतकी निघाली की विचारू नका. ऑक्टोबर २०११ ला राज्यभर पटपडताळणी झाली, किती शाळांत पट फुगवलेला होता ते बाहेर आलं, शिक्षक अतिरिक्त ठरले आणि २०१२ पासून भरती थांबली. २०१३ ला टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आली. २०१७ ला भरतीसाठी पवित्र पोर्टल आणि अभियोग्यता चाचणी (तिलाच टेट म्हणतात), आणि त्यातून प्रत्यक्ष नेमणुका मिळायला २०१९ उजाडलं. म्हणजे मधली कितीतरी वर्षं डी.एड. झालेली पोरं नुसती बसून.

आता मुद्दा. या काळात पोरं निघून गेली. कुणी पोलीस, कुणी फायनान्स कंपनीत वसुलीला, कुणी शेतीत. घरच्यांनी त्यांना थांबू दिलं नाही, "कमव काहीतरी" म्हणून मागे लागले. पोरी थांबल्या, कारण पोरीच्या पगारावर घर अवलंबून नाही असं घराने धरलेलं असतं. त्यामुळे मला वाटतं मुली हा पेशा निवडतात त्यापेक्षा मुलं तो सोडतात, आणि मग तो मुलींचा दिसायला लागतो. युडायस प्लसचा (शाळांची सरकारी आकडेवारी) २०२४-२५ चा अहवाल बघा, देशातले शिक्षक पहिल्यांदाच १ कोटीच्या पुढे गेले आणि त्यात बायका साधारण ५४ टक्के.

प्रतीक्षायादी
सदूसर, तुमचं बाकी सगळं पटलं पण "पोरी थांबल्या" हे वाचून घशात आवंढा आला. आम्हाला थांबू देतात ते लग्नापर्यंतच. मी डी.एड. केलं, टीईटी दोन्ही पेपर पास, टेट दिली, थोडक्यात राहिले. पुढची टेट कधी येणार कुणालाच माहीत नाही, २०१७ नंतर एकदम २०२३ ला झाली, मग २०२५ ला. या मधल्या काळात माझं लग्न झालं, मूल झालं. आता अभ्यास करायचा तो बाळ झोपल्यावर. सासरी सगळे चांगले आहेत पण "अजून किती परीक्षा" हा प्रश्न दर सणाला असतोच. कागदपत्रांवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, गॅझेट करून घेतलं ते वेगळंच.

सध्या एका ज्युनिअर कॉलेजात तासिकेवर आहे. तास झाला तर पैसे, सुट्टीचे नाहीत, आजारपणाचे नाहीत. वर ज्यांनी मे महिना म्हटलंय त्यांना सांगते, मे महिन्यात मला शून्य रुपये मिळतात.

तरी मला हेच करायचंय. अपूर्णांक शिकवताना एखाद्या पोराचा चेहरा उजळतो ना, ते मला दुसरीकडे मिळणार नाही.

निनाद_पुणे
@प्रतीक्षायादी, तुमच्यासारख्यांना लागायचं नव्हतं ते. माझी आई शाळेतच होती, तिची सुट्टी आम्हाला मिळायची म्हणून ती मजेची आठवण आहे. पण आता आठवलं तर तिच्या मे महिन्यात पापड, कुरडया, आणि अकरावी प्रवेशाच्या रांगेत शेजाऱ्यांच्या पोरांना घेऊन जाणं हेच होतं.

आजोळ
मी निवृत्त शिक्षिका, वय ७०+. मराठी टायपिंग नातीने शिकवलंय तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे आजचं बोलताय पण याची मुळं फार मागे आहेत. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली तेव्हा शिकवायला बाईच हवी होती, कारण पुरुष मास्तरापुढे मुलगी पाठवायला घरं तयार नव्हती. सावित्रीबाई स्वतः शिकल्या आणि उभ्या राहिल्या. म्हणजे मुलींनी शिकायचं असेल तर आधी एका बाईने शिक्षिका होणं भाग होतं. पुढे महर्षी कर्व्यांचं हिंगणं, रमाबाई रानड्यांची सेवासदन (१९०९), या ठिकाणी विधवा आणि परित्यक्ता बायकांना शिकवून नर्स नाहीतर शिक्षिका करत, कारण समाजाने तेवढेच दोन दरवाजे किलकिले ठेवले होते. अनुताई वाघ बघा, तेराव्या वर्षी विधवा झाल्या, शिक्षिका झाल्या, १९४५ ला ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला गेल्या आणि मग कोसबाडला आदिवासी मुलांसाठी अख्खं आयुष्य घातलं. दार अरुंद होतं पण त्यातून शिरून त्यांनी आत केवढं मोठं घर बांधलं.

माझी स्वतःची आत्या सातवीची फायनल पास होऊन शिक्षिका झाली. ती विधवा होती. तिच्या पगारावर आमच्या घरातली चार मुलं शिकली, त्यातली एक मी. तेव्हा आवड वगैरे तिला कुणी विचारलं नव्हतं. पण तिचा वर्ग भिंतीपलीकडूनही ऐकत राहावा असा असे.

उंबरठा, तुझा राग मला पटतो बाळ. पण सोय म्हणून आलेली बाई वाईटच शिकवते असं नाही हो.

उंबरठा
आजी, तुम्ही लिहिलंत म्हणून बरं वाटलं. वाईट शिकवते असं मला म्हणायचंच नाहीये, माझ्याबरोबरच्या सगळ्या जीव तोडून शिकवायच्या. माझं म्हणणं, तिच्या त्या जीव तोडण्याचे पैसे द्या.

चिंचगुळ
थोडं अवांतर. ते ड्रेस कोडचं कुणाच्या शाळेत कडक आहे का? मार्च २०२४ चा जीआर म्हणतो साडी किंवा सलवार-चुडीदार-कुर्ता आणि दुपट्टा, पण आमचे मुख्याध्यापक साडीच पाहिजे म्हणतात. स्कूटीवर रोज जाऊन-येऊन ४० किलोमीटर, पावसाळ्यात साडी.

खडूफळा
जीआरची प्रिंट काढून नम्रपणे टेबलावर ठेवा. आमच्याकडे डोंगर चढून शाळा आहे, साडीचा विषय पहिल्याच आठवड्यात मिटला.

सह्याद्रीचा_सदू
आम्हाला पण आहे की, शर्ट इन करून. खिचडीचा तांदूळ मोजताना इन केलेला शर्ट किती वेळ पांढरा राहतो ते बघायला या.

मधुमालती
इन केलेला शर्ट निदान चाकात अडकत नाही सर :D

कॉफीवाली
ड्रेस कोडवरून मूळ गाडीवर येते. मी उलट्या दिशेने आलेली आहे. हिंजवडीत आयटीत बरीच वर्षं काढली, टेस्टिंगमध्ये, मग बी.एड. केलं. (२०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालंय, आधी एक वर्षाचं होतं, तेव्हा निर्णय घ्यायला जरा जड गेलं.) आता नववी-दहावीला गणित शिकवते. पगार आधीच्या मानाने फारच कमी. सगळ्यांनी धरून चाललं की मुलासाठी सोडलं. मुलाच्या शाळेची वेळ आणि माझी वेळ जुळते हा फायदा आहेच, लपवत नाही. पण ते कारण नव्हतं. मला कॉलेजात असल्यापासून शिकवायचं होतं आणि तेव्हा घरच्यांनी उलटं सांगितलं होतं, "एवढे मार्क आहेत आणि मास्तरीण होणार?"

हे पण लक्षात घ्या. गावात हुशार मुलीला "टीचर हो" सांगतात आणि शहरात हुशार मुलीला "टीचर होऊ नको" सांगतात. दोन्हीकडे तिला काय पाहिजे ते राहूनच जातं.

आणि शिक्षकांना अर्धाच दिवस काम असतं म्हणणाऱ्यांना, रात्री अकराला पेपर तपासताना मी तुम्हाला फोटो पाठवेन.

दूरदेशी
न्यू जर्सीहून. इथे आमची रविवारची मराठी शाळा आहे, शिकवणारे सगळे स्वयंसेवक, आणि बहुतेक सगळ्या आया. बाबा लोक मुलांना सोडतात आणि पार्किंगमध्ये क्रिकेटवर बोलतात. इथल्या सरकारी शाळांतही चारातले तीन शिक्षक बायकाच आहेत, आणि इथेही शिक्षक पगारावरून नाराज. तेव्हा हा फक्त आपल्याकडचा प्रश्न नाही. मी हल्ली माझ्या नवऱ्याला पार्किंगमधून उचलून दुसरीच्या वर्गावर उभं केलंय. मुलांना तो फार आवडतो. पहिल्यांदा एका बाबाला बाराखडी म्हणताना बघून पोरं हरखलीच.

खडूफळा
@दूरदेशी, वा! याच्यावरून एक. आमची द्विशिक्षकी शाळा, मी आणि एक सर. सर पहिली-दुसरी घेतात, मी तिसरी-चौथी. केंद्रप्रमुख आले की दरवेळी विचारतात, "लहान वर्ग मॅडमकडे का नाहीत?" कारण सर लहान मुलांत छान रमतात म्हणून. गाणी म्हणतात, नाक पुसतात. एवढं सोपं उत्तर आहे पण ते लिहून घ्यायला कुणी तयार नसतं.

आणि "सुरक्षित नोकरी" म्हणणाऱ्यांसाठी. बदलीच्या धोरणात महिलांसाठी प्रतिकूल शाळा म्हणून वेगळी यादी असते, यावरूनच समजा. मी पहिल्या नेमणुकीला पाड्यावर भाड्याने राहत होते, रात्री फोनला रेंज नाही. गावाने जपलं मला, अगदी लेकीसारखं, पण ती गावाची पुण्याई. शाळेत बाईंसाठी शौचालय व्हायला किती पत्रं लिहिली ते मी मोजायचं सोडलं.

रानवारा
सगळ्यांचे मनापासून आभार. दोनदा वाचून काढलं. मला वाटलं होतं आवड विरुद्ध घरचा दबाव असं काहीतरी निघेल. पण खडूफळाने लिहिलेलं "बाई सोडून दुसरी पगारदार बाई दिसलीच नाही" आणि सदूसरांचं "मुलं सोडतात म्हणून मुलींचा दिसतो", या दोन्हींनी माझा प्रश्नच बदलला. पुढच्या वेळी मुलींना "टीचरच का" असं विचारण्याऐवजी "तू कामाला जाणाऱ्या किती बायका जवळून पाहिल्यास" असं विचारणार आहे. आणि शक्य झालं तर तालुक्यातली एक पशुवैद्य, एक तलाठी, एक एसटी कंडक्टर अशा बायकांना बरोबर नेणार.

पण तरीही जी म्हणेल की मला शिक्षिकाच व्हायचंय, तिला काय माहिती देऊ? उगाच स्वप्न दाखवायचं नाही आणि घाबरवायचंही नाही.

सह्याद्रीचा_सदू
हे सांगा. एक, कोणत्या वर्गाला शिकवायचंय ते आधी ठरव. पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड.च (म्हणजे आधीचं डी.एड.) लागतं, बी.एड. चालत नाही, ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टाने ते स्पष्ट केलंय. कितीतरी पोरी आधी बी.ए., मग बी.एड. करतात आणि नंतर कळतं की प्राथमिकला अर्जच करता येत नाही. पाच वर्षं आणि फीचे पैसे गेले की परत येत नाहीत.

टीईटीला पर्याय नाही. सुप्रीम कोर्टाच्या सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर तर आमच्यासारख्या जुन्यांनाही, ज्यांची सेवा पाच वर्षांपेक्षा जास्त उरलीय त्यांना, दोन वर्षांत ती पास व्हायला लागणार आहे. आमच्या स्टाफरूममध्ये सध्या बालमानसशास्त्राची पुस्तकं फिरतायत.

पैशाचं खरं सांगा. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. प्राथमिकला मानधन आधी ६ हजार होतं, २०२३ पासून १६ हजार झालंय. त्यानंतर नियमित वेतनश्रेणी, मूळ वेतन २९,२०० पासून, वर महागाई भत्ता वगैरे. चांगलं आहे, पण तिथपर्यंत पोचायला किती वर्षं जातील ते भरतीवर. पट कमी झाला की संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात) पदं उडतात, त्यामुळे गावातली शाळा उद्या असेलच असं धरून चालू नका.

उंबरठा
यात माझं एक घाला. खाजगी शाळेत लागलात तर नेमणूक पत्र लेखी घ्या, आणि पगारातले पैसे परत मागितले तर पहिल्याच महिन्यात घरी सांगा. मी सांगितलं नव्हतं, लाज वाटत होती. लाज त्यांना वाटायला पाहिजे.

प्रतीक्षायादी
आणि जोडीला दुसरं काहीतरी हातात ठेवा. टेटच्या तारखेवर आयुष्य टांगू नका. मी आता टॅली शिकतेय, अभ्यास चालूच आहे.

आजोळ
मुलांनाही विचार हो रानवारा. बालवाडीत शिकवायला कोण येणार म्हणून. एखादा हात वर होईल. त्याला हसणाऱ्या बाकीच्यांना गप्प बसव, आणि त्या मुलाला माझा आशीर्वाद सांग.

रानवारा
नक्की आजी. सदूसर, तुमची पोस्ट छापून नेते, चालेल ना? प्रतीक्षायादी, तुम्ही आमच्याच बाजूच्या असाल तर एकदा बोलायला याल का? जाण्यायेण्याचा खर्च आणि मानधन देणार, तासिकेपेक्षा जास्त. व्यनि (खाजगी निरोप) करते.

प्रतीक्षायादी
येते. बाळाला घेऊन आले तर चालेल?

रानवारा
पळेल!